मुलींची संस्था आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिच्या कॉलेजातल्या मुलींच्या संस्थेचे तुम्हीच सांगा." त्यांचा शब्द मोडवेना. म्हणून घरात जे पाहिले आणि मुलीने जे वाचून दाखवले, ते माझ्या भाषेत आपल्यापुढे ठेवते. काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरांची 'आय ट्रिपल ई' म्हणून जगभर पसरलेली एक मोठी संस्था आहे. तिचा 'विमेन इन इंजिनिअरिंग' नावाचा स्त्रियांसाठीचा विभाग असून त्याच्या शाखा कॉलेजांतूनही असतात. तशी शाखा मुलीच्या कॉलेजात आहे आणि गेल्या वर्षी तिची चिटणीस म्हणून निवड झाली. ही बातमी घरी आली तेव्हा पेढे वाटण्याआधी प्रश्नच निघाले. सासूबाई म्हणाल्या, "शिकायला पाठवली आहे की सभा भरवायला?" आमच्या घरी हे म्हणाले, "रात्रीच्या गाडीने यावे लागले तर?" शेजारच्या वहिनींनी विचारले, "मार्क कमी झाले तर नोकरी कोण देणार?"

भगिनींनो, हे तिन्ही प्रश्न काळजीपोटी आलेले होते. त्यांना हसून उडवून चालायचे नाही. म्हणून एकेकाचे उत्तर देते.

पहिला प्रश्न, मुलींना निराळी संस्था हवीच कशाला? हुशार मुलगी असेल ती आपल्या बळावर पुढे जाईल, असे आपण म्हणतो. खरेच, अशा पुष्कळ जणी गेल्या. मद्रासच्या गिंडी कॉलेजात १९४० साली ए. ललिता नावाची मुलगी इंजिनिअरिंगला बसली. पंधराव्या वर्षी लग्न झाले, अठराव्या वर्षी नवरा वारला, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते, त्यांनी धीर दिला. परंतु सगळ्या मुलग्यांत ही एकटी. वसतिगृहात बोलायला कोणी नाही. तेव्हा आणखीही मुलींना येथे प्रवेश मिळेल असे वडिलांनी लोकांना कळवले आणि लीलाम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी आल्या. तिघीही इंजिनिअर झाल्या. थ्रेसियाबाई तर १९७१ साली केरळ राज्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ललिताबाईंनी पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांचे काम केले. या हकिकतीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बापाने मुलीला नुसता प्रवेश मिळवून दिला नाही, तिला सोबतही मिळवून दिली.

आता आपल्या जवळचे उदाहरण घ्या. रेल्वेचे इंजिन चालवणाऱ्या सुरेखा यादव साताऱ्याच्या. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, आपल्या कल्याणच्या रेल्वे शाळेत सहायक चालकाचे शिक्षण घेतले आणि १९८९ साली त्या नेमणुकीवर आल्या. त्यांची पहिली मालगाडी वाडीबंदर ते कल्याण अशी होती. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईस डेक्कन क्वीन नेली. सबंध आशियात इंजिन चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचे नाव झाले आणि २०२५ साली त्या निवृत्त झाल्या. मधल्या काळात ज्या कल्याणात शिकल्या तेथेच त्यांनी इतर चालकांना शिकवलेही. आपण रोज ज्या रुळांवरून जातो त्यांच्या कडेची ही गोष्ट आहे.

तिसरे नाव सुधाताई मूर्ती यांचे. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या वर्गात एकट्या मुलगी होत्या. कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृहही नव्हते. पुढे १९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याची जाहिरात त्यांनी पाहिली. त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असे होते. त्यांनी सरळ जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले. बोलावणे आले, मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली.

या बायका थोरच. परंतु प्रत्येकीला दार नव्याने ठोठवावे लागले. एकीने पोस्टकार्ड लिहिले म्हणून सगळ्याच कारखान्यांच्या जाहिराती बदलत नाहीत. त्यासाठी पाठीमागे लागणारी, नोंद ठेवणारी, पुढच्या मुलीला माहिती देणारी संस्था लागते. एक बाई निवृत्त झाली, परगावी गेली, तरी संस्थेची वही जागेवर राहते.

आणि ही गोष्ट काही आज निघालेली नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायकांनी कारखाने चालवले. युद्ध संपताच त्यांना घरी जा असे सांगण्यात आले. तेव्हा २३ जून १९१९ रोजी सात जणींनी लंडनला स्त्री-इंजिनिअरांची संस्था काढली. ती आजही आहे आणि तिच्यामुळेच २३ जून हा दिवस स्त्री-इंजिनिअरांचा म्हणून पाळतात. त्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या लू अल्टा मेल्टन, हिल्डा काउंट्स आणि एल्सी ईव्हज यांनी ठिकठिकाणच्या कॉलेजांना पत्रे घातली, की तुमच्याकडे इंजिनिअरिंगला किती मुली आहेत ते कळवा. काही ठिकाणाहून उत्तर आले, की येथे मुली नाहीत, कधी नव्हत्या आणि इतक्यात येतील असेही वाटत नाही! पण इतर ठिकाणी मुली सापडल्या, त्यांची यादी झाली. त्यांची संस्था फार दिवस टिकली नाही. परंतु बी रुजले होते. २७ मे १९५० रोजी न्यू जर्सीत पन्नास-साठ स्त्रिया जमल्या आणि 'सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स' स्थापन झाली. बिअॅट्रिस हिक्स पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९६४ साली न्यूयॉर्कला जगातल्या स्त्री-इंजिनिअरांची व शास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली, तिला आपल्या ललिताबाई गेल्या होत्या. तीच परिषद १९८१ साली मुंबईस भरली.

इतक्या लांबचे कशाला, ठाण्याहून वाशीची गाडी पकडली तर अर्ध्या-पाऊण तासावर भारतीय महिला वैज्ञानिक संघाची वास्तू आहे. हा संघ १९७३ साली मुंबईत निघाला. शास्त्र शिकलेल्या या बायकांनी वाशीला काय उभे केले? नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर! बाईचे काम कोठे अडते हे बाईलाच कळते.

सासूबाईंना मी हे सारे एका दुपारी शेंगा सोलताना सांगितले. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मंडळासारखेच की!" मला याहून चांगले सांगता आले नसते.

आता या मुली सभा भरवून करतात तरी काय? एकच प्रसंग सांगते. शाखेने एक कारखाना पाहायला जायचे ठरवले. त्याचे नाव घेत नाही. मुलग्यांची एक तुकडी तेथे आधी जाऊन आली होती. मुलींना उत्तर मिळाले, की कामाच्या जागी मुलींना नेता येणार नाही, तुम्हाला कार्यालयात बसवून माहिती देऊ. मुली हिरमुसल्या. काही म्हणाल्या, जाऊ द्या. माझी मुलगी रात्री घरी येऊन रडवेली बसली. मी म्हटले, "तू चिटणीस ना? मग सभेत ठराव कर आणि पत्र लिही. रागाचे नको, कामाचे लिही." मंडळाच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी आपण महापालिकेला पत्र दिले होते, ते तिला काढून दाखवले. त्यात काय हवे, किती जणी, केव्हा, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच होते.

तिने तसेच लिहिले. बावीस मुली, दोन शिक्षिका, पायांत बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नाही. आमच्या अभ्यासक्रमातली अमुक यंत्रे पाहायची आहेत. सुरक्षेचे कोणते नियम आम्ही पाळायचे राहतात ते कळवावे. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसरे पत्र प्राध्यापकबाईंच्या सहीने गेले. मग होकार आला. मुली आत जाऊन दोन तास यंत्रे पाहून आल्या. परतल्यावर आभाराचे पत्रही धाडले. त्यात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह लांब आहे एवढेही नम्रपणे नोंदले. यंदा पुढच्या वर्गाच्या मुलींना नुसता एक फोन पुरला.

भगिनींनो, हेच त्या पदातले शिक्षण. यंत्र कसे चालते हे पुस्तकात आहे. नकार आल्यावर रडून न बसता बावीस जणींच्या वतीने पुन्हा कसे मागायचे, हे पुस्तकात नाही. नोकरीत तिला तेच रोज लागणार आहे.

या शाखेत आणखीही कामे चालतात. पहिल्या वर्षाच्या मुलींना वरच्या वर्गातल्या मुली गणित समजावतात. मुलाखतीची तालीम घेतात. नोकरीस लागलेल्या ताईंना बोलावून अनुभव ऐकतात. जमाखर्चाची वही असते. तिचे हिशेब पहिल्यांदा जुळेनात तेव्हा मुलगी माझ्यापाशी आली. आपल्या टिटवाळ्याच्या सहलीचे पैसे मी तीन वर्षे सांभाळते आहे. मी सांगितले, पैसे हाती आल्याशिवाय नाव लिहायचे नाही, आणि पावती दिल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. इंजिनिअरिंगचे मला काही कळत नाही, पण हे कळते. त्या दिवशी मुलीने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, हे खोटे कशाला सांगू?

राहिले दोन प्रश्न. मार्कांचे म्हणाल तर कमी झाले नाहीत. परीक्षेच्या महिन्यात काम सहचिटणीस मुलीकडे द्यायचे असा त्यांनी नियमच केला आहे. काम वाटून देता येणे हाही पुढारीपणाचा भागच आहे.

रात्रीच्या गाडीचा प्रश्न मात्र खरा आहे. संध्याकाळची डोंबिवलीची गर्दी आपण सगळ्या जाणतो. त्यावर आम्ही असे ठरवले, की सभा पाचच्या आत संपवायची आणि कार्यक्रम शनिवारी ठेवायचा. उशीर होणारच असेल तर कल्याण-डोंबिवलीच्या मुलींनी एकाच डब्यात बसायचे, आणि स्टेशनवर कोणीतरी घ्यायला जायचे. हे आता आपणहून जातात. मुलीला घरी बसवणे हाही एक उपाय होता. पण मग प्रत्येक सभेची वेळ मुलगेच ठरवणार.

आता मंडळापुढे तीन गोष्टी मांडते.

पहिली, आपल्या आळीतल्या दहावी-बारावीच्या मुलींसाठी एका रविवारी आपली खोली उघडावी. शाखेच्या मुली येऊन इंजिनिअरिंग व डिप्लोमा म्हणजे काय ते सांगायला तयार आहेत. आयांनीही बसावे. अवघड प्रश्न आयाच विचारतात.

दुसरी, माहितीचा एक फळा लावावा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून सरकारने पूर्ण माफ केले आहे. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपयांची असून एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळू शकते. पुण्याला कर्वे संस्थेचे कमिन्स कॉलेज १९९१ पासून, आणि जुहूला एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे उषा मित्तल तंत्रशास्त्र महाविद्यालय १९९७ पासून, खास मुलींसाठी चालते. हे माहीत नाही म्हणून आपल्यातली एकही मुलगी मागे राहू नये. दाखले आणि अर्ज यांसाठी दुपारी दोन तास बसायला मी तयार आहे.

तिसरी गोष्ट घरातली. मुलगी कॉलेजात पद घेते म्हणाली तर लगेच नको म्हणू नका. काम काय, किती वेळ, सोबत कोण, हे विचारा. उत्तरे नीट आली तर तिला होय म्हणा, आणि त्या दिवशी संध्याकाळच्या पोळ्या भावाला लाटायला लावा. त्यालाही काहीतरी पद हवेच ना!

आपल्या मंडळाची पहिली वही ज्यांनी घातली, त्यांतल्या कित्येकींना सभेत उभे राहून बोलायला घरून परवानगी मागावी लागली होती. आज मी येथे सातवी शिकून बोलते आहे, ती त्यांच्या पुण्याईवर. आपल्या मुलींच्या हाती यंत्रे आली आहेत. त्यांच्या हाती त्यांच्या संस्थेची वहीही राहू द्या.