दोन महिने, एकही नोंद नाही

मी बंगळुरूच्या कोरमंगला भागात राहते. सकाळी फिरायला निघाले की वाटेत भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं फाटक लागतं. तिथे आकाशाचा अभ्यास होतो; मला मात्र तिथे आलं की जमिनीच्या पोटातून आकाश वाचणारी माणसं आठवतात. आठवते शंभरेक किलोमीटरवरची कोलारची सोन्याची खाण, आणि त्या खाणीत वर्षानुवर्षं उतरत राहिलेले भौतिकशास्त्रज्ञ बी. व्ही. श्रीकंठन.

श्रीकंठन नंजनगूडचे, श्रीकंठेश्वराच्या गावचे. जन्म १९२५चा. १९४८ साली ते मुंबईला होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले, आणि १९५१पासून कोलारला म्युऑन मोजू लागले. म्युऑन हे अतिसूक्ष्म कण आकाशातून सतत बरसतात. आत्ता तुम्ही तळहात पसरून धरलात, तर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जाईल. जमिनीखाली खडक त्यांना अडवतो. जितकं खोल जावं, तितके ते कमी.

मोजणी करत करत ही मंडळी खाली खाली उतरत गेली. पिंजऱ्यातून जायचं, तापलेल्या खडकाच्या उकाड्यात यंत्रं लावायची आणि वाट पाहायची. अखेर पावणेतीन किलोमीटर खोलीवर सुमारे दोन महिने यंत्र चालू ठेवलं, तरी एकही म्युऑन आला नाही. यंत्र बिघडलं असावं, असंच कुणाच्याही मनात आलं असतं. श्रीकंठन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ओळखलं, की न्यूट्रिनो नावाचा कण शोधायला हवी तशी नि:शब्द जागा सापडली आहे. मला त्या दोन महिन्यांचं फार मोल वाटतं.

न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी सहज पार करतो. क्वचित एखादा खडकातल्या अणुकेंद्रावर आदळतो, आणि त्यातून म्युऑन निघतो. आकाशातले उरलेसुरले म्युऑन वरून येणार. आडव्या वाटेने त्यांना कितीतरी जास्त खडक भेदावा लागेल. म्हणजे आडवा आलेला म्युऑन न्यूट्रिनोचाच! म्हणून थोडं वर, सव्वादोन किलोमीटर खोलीवर शोधकयंत्रं समोरासमोर भिंतींसारखी उभी केली. मधे निऑनच्या काचनळ्या. कण गेला की त्याच्या वाटेवरच्या नळ्या उजळायच्या.

१९६५मध्ये ती आडवी रेघ दिसली. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची ती खूण. मुंबई, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम, तिघांचं हे काम. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्याच एका खाणीत भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइन्स यांचा गटही याच शोधात होता. दोन्ही निष्कर्ष थोड्याच अंतराने छापून आले.

पुढे १९७५ ते १९८७ श्रीकंठन टाटा संस्थेचे संचालक होते. नंतर बंगळुरूला येऊन ते विज्ञान आणि चैतन्य यांच्या नात्याचा विचार करत राहिले. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात ते गेले.

कोलारची खाण त्याआधीच, २००१ साली बंद झाली होती. उपसा थांबला, आणि खालचे थर हळूहळू पाण्याने भरत गेले.