ग्रामसभेतली आपली जागा
(जिंतूर तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



परभणी जिल्ह्यात जंगल ते किती? फार थोडं. जे आहे त्यातलं बरंचसं इकडे, जिंतूरच्या डोंगराळ भागात. सरपण आणि सीताफळांसाठी तुमचे पाय त्याच रानात पडतात. हवामान बदलावर शहरांत परिषदा भरतात. पण कुठला झरा आधी आटतो, हे तुम्हाला विचारावं लागेल.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणातही स्त्रियांच्या सहभागाचा उल्लेख आहे. पण आपल्या हाताला लागतो तो २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांप्रमाणे वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. वनहक्काच्या ग्रामसभेला गावातली निम्मी प्रौढ माणसं लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदतात.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका वाडीत सभेला बायका कमी पडल्या. सोयाबीनची काढणी, त्यात सभा भर दुपारी. मी रजिस्टर घेऊन घरोघर फिरले, अंगठे घेतले. कोरम झाला म्हणून आनंदले! दुसऱ्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, "ताई, अंगठा दिला बगा. पर ठरलं काय, ते तर सांगा." मला नीट सांगता येईना. नकाशा काढून बघितला, तर बायकांची सरपणाची वाट आणि मोहाची झाडं त्यात नव्हतीच. पुरुषांनी मुद्दाम वगळली नव्हती. त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

धर्मशास्त्राच्या वर्गात मी गणना २७ शिकले होते. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, सगळ्या मंडळीपुढे स्वतः उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. मी मात्र मावशींना घरीच बसवून त्यांचा अंगठा तेवढा सभेला नेला होता.

मग सभा पुन्हा घेतली, रात्री जेवणं आटोपल्यावर. बायकांनी जमिनीवर रेघा ओढल्या, मोहाच्या झाडांच्या जागी खडे ठेवले. थोडी भांडणंही झाली. वाट नकाशात आली. दावा अजून मंजूर झालेला नाही, हेही सांगते.

आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. येत्या सभेची वेळ तुम्ही ठरवा. लेकरं सोबत आणा. बाहेर ओसरीवर त्यांना सांभाळायला आम्ही दोघीजणी येऊ.