हा प्रोग्राम कोणासाठी लिहिला?



आरंभी एक घडलेली हकीकत सांगतो. आम्ही ज्या लहानशा वाचनालयाचे काम पाहतो, तेथील सभासदांच्या व पुस्तकांच्या नोंदी वीस वर्षे एकाच प्रोग्राममध्ये होत असत. जुना संगणक बंद पडला. नवा आणला, प्रोग्राम त्यावर चढविला. पण तो काही केल्या सुरू होईना. कोणी म्हणाले, फाइल बिघडली. कोणी नव्या यंत्राला बोल लावला. साऱ्या नोंदी पुन्हा हाताने कराव्यात, असे ठरत आले होते. वस्तुतः फाइल धड होती आणि यंत्रही धड होते. दोघांची भाषा मात्र एक नव्हती.

ही भाषा म्हणजे काय? 'शिक्षा' हा शब्द घ्या. मराठी माणूस तो वाचून दचकतो. हिंदी माणसाला त्यात शाळा दिसते. अक्षरे तीच, अर्थ वेगळा. प्रोसेसरचेही तसेच आहे. प्रोग्राम म्हणजे अखेर अंकांची रांग. १४४ हा एकटा अंक इंटेल घराण्याच्या प्रोसेसरला 'काही न करता पुढे चल' असे सांगतो. या घराण्यात एक आज्ञा एका बाइटची असते, तशी पंधरा बाइटांचीही असते. उलट ६४ बिटांच्या आर्म घराण्यात प्रत्येक आज्ञा नेमकी चार बाइटांची. तेव्हा एकाचा मजकूर दुसऱ्याला कसा उमजावा?

मग प्रोग्राम कोणासाठी लिहिला, हे ओळखावे कसे? फाइलीच्या नावावर जाऊ नये. नाव कोणीही बदलू शकतो. पत्रावर पत्ता असतो, तसा फाइलीच्या आरंभीच पत्ता असतो. लिनक्सच्या प्रोग्रामात पहिला बाइट १२७ असतो आणि त्यापुढे ई, एल, एफ ही अक्षरे येतात. पाचवा बाइट १ असेल तर प्रोग्राम ३२ बिटांचा, २ असेल तर ६४ बिटांचा. पुढे १९ व्या आणि २० व्या बाइटांत घराण्याचा क्रमांक असतो: ३ म्हणजे इंटेलचे ३८६, ६२ म्हणजे त्याच घराण्यातले ६४ बिटांचे, ४० म्हणजे आर्म, १८३ म्हणजे ६४ बिटांचे आर्म. हे अंक आपण स्वतः मोजलेच पाहिजेत असे नाही. युनिक्समध्ये १९७३ पासून 'फाइल' नावाची आज्ञा आहे. ती हा पत्ता वाचून सांगते.

विंडोजच्या प्रोग्रामाची पहिली दोन अक्षरे एम आणि झेड. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ही आद्याक्षरे. पुढे पी आणि ई ही अक्षरे सापडली, तर त्यांच्या पाठोपाठ घराण्याचा क्रमांक येतो: ३३२ म्हणजे ३२ बिटांचे इंटेल, ३४४०४ म्हणजे ६४ बिटांचे, ४३६२० म्हणजे ६४ बिटांचे आर्म. काही फाइली दुभाषीही असतात. ॲपलने २०२० साली इंटेल सोडून स्वतःच्या आर्म प्रोसेसरची वाट धरली, तेव्हा एकाच फाइलीत दोन्ही घराण्यांसाठी मजकूर भरण्याची सोय ठेवली. अशा फाइलीत एक पत्ता दिसला म्हणून थांबू नये.

आमच्या वाचनालयाच्या फाइलीत एम आणि झेड होते, पण पी-ई कोठेच नव्हते. म्हणजे प्रोग्राम डॉसच्या काळातला, १६ बिटांचा. ६४ बिटांचे विंडोज ३२ बिटांचे प्रोग्राम चालविते, १६ बिटांचे नाही. रोग कळला, तसा उपायही सापडला. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम मिळतो. त्यात आमचा प्रोग्राम निमूटपणे सुरू झाला. वीस वर्षांच्या नोंदी शाबूत होत्या. त्या आम्ही लगोलग साध्या याद्यांच्या रूपाने उतरवून घेतल्या. कारण प्रोसेसर बदलत राहतील, साधी यादी मात्र कोणालाही वाचता येईल.

तात्पर्य एवढेच, की न चालणारी वस्तू मोडलीच आहे असे धरून चालू नये. तिला टाकण्यापूर्वी, ती कोणाशी बोलण्यासाठी घडविली होती, एवढे तरी विचारावे.