टाके घातलेल्या जनावराची घरची निगा



गाईच्या पोटात तार नाहीतर प्लास्टिक साठले, म्हैस विताना अडली, बैलाला शिंग लागून पोट फाटले, तर आता शस्त्रक्रिया करून जनावर वाचवता येते. पुष्कळदा ती तुमच्याच गोठ्यापुढे, जनावर उभे ठेवून, नुसती भकाळी बधिर करून होते. दोन-तीन तासांत काम उरकून डॉक्टर जातात. त्यानंतर टाके निघेपर्यंतचे दहा ते चौदा दिवस जनावर तुमच्या हाती असते, आणि चांगली झालेली शस्त्रक्रिया वाया जाते ती याच दिवसांत. म्हणून आज टाक्यांची राखण कशी करायची, एवढेच बोलू.

पहिले दोन दिवस सगळे घर गोठ्यात असते. कोणी पाणी दाखवतो, कोणी माशा वारतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाय वैरण ओढू लागते, रवंथ करते, आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरा धोका इथून पुढे आहे बघा. जखम भरू लागली की तिला खाज सुटते. गाय मान वळवून टाके चाटते, खांबाला अंग घासते. पाचव्या-सहाव्या दिवशी ‘आता बरी आहे’ म्हणून तिला चार जनावरांत सोडली आणि शेजारच्या म्हशीने ढुशी दिली, म्हणजे आतापर्यंतचे सगळे पाण्यात. बाहेरून कातडी जुळलेली दिसली तरी आत स्नायूंचे थर असतात आणि त्यांचेही टाके असतात. त्यांत पहिल्यासारखी ताकद यायला काही महिने लागतात.

आपल्याकडे म्हणतात, मुके जनावर आपली जखम चाटूनच बरी करते. साध्या खरचटण्याचे एक वेळ सोडून द्या, पण टाक्यांना हे लागू नाही. गाईची जीभ खरखरीत असते. त्या जिभेने गाठी सैल होतात, कातडी ओली राहते आणि तोंडातले जंतू जखमेत जातात. म्हणून मान वळणार नाही अशी सोय करावी. बांबूच्या सात-आठ काठ्या घ्या. लांबी जबड्यापासून छातीपर्यंत मापून घ्या. दोन्ही टोकांना दोरीने ओवून शिडीसारखी पट्टी तयार करा आणि ती मानेभोवती सैलसर बांधा. काठ्यांची टोके तासून त्यांवर चिंधी गुंडाळा, नाहीतर एक जखम राखताना दुसरी व्हायची. ही पट्टी असताना गाईला जमिनीवरचे खाता येत नाही. चारा-पाणी छातीच्या उंचीवर द्यावे.

जनावर वेगळे बांधावे. दावे इतके ठेवा की उठता-बसता येईल, पण मागे वळता येणार नाही. टाक्यांची बाजू भिंतीकडे किंवा खांबाकडे नको. खाली फरशी असेल तर जनावर घसरते आणि सगळा ताण टाक्यांवर येतो. भाताचा पेंढा किंवा वाळला पाला जाड पसरा आणि ओला झाला की लगेच बदला. हा कंटाळवाणा उद्योग आहे खरा, पण निम्मे औषध त्यातच आहे.

आता माशी. पावसाळ्यात हिच्याइतका वैरी दुसरा नाही. जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि मांस पोखरीत आत शिरतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ उजेडात टाके नीट पाहावेत. माशा दूर ठेवणारा फवारा किंवा मलम डॉक्टरांनी दिले असेल तर तेच वापरा. करंजाचे किंवा कडुलिंबाचे तेल लावायचे झाले तर टाक्यांवर नको, चार बोटे लांब, भोवतीने लावा. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायला हरकत नाही, मात्र गोठा कोंदून टाकू नका. किडे पडलेच तर घरी चिमट्याने टोकरत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. कावळाही टोच मारतो. दिवसा बाहेर बांधायचे असेल तर जुन्या स्वच्छ धोतराची सैल झूल पाठीवरून घालावी. घट्ट पट्टी मात्र बांधू नये, जखमेला वारा हवा.

जखमेला काय लावावे, हे विचारण्याआधी काय लावू नये ते सांगतो. शेण, राख, चुना, रॉकेल, जळके ऑइल, फिनेल यांपैकी काहीही नको. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. रॉकेल आणि फिनेल यांनी कोवळी कातडी भाजते. हळदीबद्दल मायबहिणी हमखास विचारतात. घरच्या डब्यातली हळद टाक्यांवर थापली की सगळी जागा पिवळी होते आणि खाली पू धरला तरी दिसत नाही. ती भाजीतच राहू द्या.

म्हशीचे एक निराळे. तिला डबके दिसले की कोणाचे ऐकत नाही. टाके निघून जागा पूर्ण कोरडी होईपर्यंत डुंबायला सोडू नका, अंगावर पाणीही ओतू नका. उन्हाळा असेल तर गोठ्याला ओली पोती टांगा, डोक्यावर आणि पायांवर ओले फडके फिरवा.

पहिले दोन-तीन दिवस टाक्यांभोवती थोडी सूज असते, पातळ गुलाबी पाणी किंचित पाझरते. त्याने घाबरू नये. कधी भोवतालची कातडी दाबली की कुरकुर वाजते. शस्त्रक्रियेच्या वेळी आत शिरलेली हवा असेल तर ती हळूहळू जिरते. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. पण सूज चार दिवसांनंतर वाढत चालली, हाताला गरम लागली, घाण वास आला, पू दिसला, टाका तुटून फट पडली, किंवा जनावराने रवंथ सोडून ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर उद्याची वाट पाहू नका. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. टाके उसवून आतडे बाहेर दिसले तर ते आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाकून धरा, जनावर हलू देऊ नका आणि निरोप धाडा.

इंजेक्शने ठरलेल्या दिवसांपर्यंत पुरी करावीत. त्या काळातले आणि डॉक्टर सांगतील तितके पुढचे दिवस दूध डेअरीला घालू नये, घरीही पिऊ नये. दुखणे कमी करण्यासाठी माणसांच्या दुकानातून गोळ्या आणून देऊ नका. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम चालते, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

राखणीच्या कुत्रीची नसबंदी केली असेल तर तिचीही दया ठेवा. कुत्री जीभ तर लावतेच, शिवाय पुढच्या दातांनी टाके ओढून काढते. दवाखान्यात नरसाळ्यासारखा गळपट्टा मिळतो. तो नाकाच्या टोकापुढे दोन बोटे तरी यायला हवा. नाही मिळाला तर जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडेला चिंधी शिवून, गळपट्ट्याला बांधा. खायला घालताना समोर बसून तेवढ्यापुरता काढा. पोरांचा जुना सदराही चालतो. पुढचे पाय बाह्यांत घालावेत आणि कमरेशी सैल गाठ मारावी. ओला झाला की बदलावा. दहा दिवस तिला साखळीने सावलीत ठेवा, राखणीला धाडू नका. ती हुंदडते, उड्या मारते, आणि पोटावरचे टाके पोटाच्याच ताणाने उसवतात.

टाके डॉक्टरांकडूनच काढून घ्यावेत, घरच्या कात्रीने नव्हे. किती घातले होते ते शस्त्रक्रियेच्या दिवशीच विचारून लिहून ठेवा आणि काढताना मोजा. आत राहिलेला दोरा पुढे पू धरतो. बैल असेल तर टाके निघाले म्हणून दुसऱ्या दिवशी औताला जुंपू नये. दीड-दोन महिने तरी थांबावे. मग डॉक्टरांना जागा दाखवून, आधी रिकामी गाडी, तीही सपाट रस्त्याने.