बाहेरची जखम आणि आतला टाका

आपल्या वऱ्हाडात ‘पिशवी काढली’ म्हटले की काय काढले ते कोणाला सांगावे लागत नाही. पूर्वी त्यासाठी पोटावर वीतभर चीर पडे. १९८८ साली अमेरिकेतल्या हॅरी राइख या डॉक्टरांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढून दाखवले, आणि आज अमरावती-अकोल्यालाही ही शस्त्रक्रिया होते. पोटावर पेराएवढ्या तीन-चार चिरा, आणि थोड्याच दिवसांत बाई घरी. शेजारीण म्हणते, “काईच तं नाई झालं माय!” मग वेचणी अंगावर आली असली की आठव्या दिवशी बाई ओटी बांधून पऱ्हाटीत उभी, आणि सांजेला डोक्यावर कापसाचे गाठोडे!

इथेच घात होतो. मोठी जखम पोटावर नाहीच. पिशवी काढल्यावर योनिमार्गाचे वरचे तोंड पोत्यासारखे शिवलेले असते. (हे उघड बोलायला लाजू नये. लाजेपायीच पुष्कळ दुखणी वाढतात.) हे टाके क्वचितच उसवतात, पण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ते अधिक आढळले आहे. उसवण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे घाईने केलेला शरीरसंबंध. तेव्हा नवरेमंडळींनो, निदान आठ आठवडे धीर धरा, आणि पुढेही डॉक्टरांनी तपासून ‘हो’ म्हटल्यावरच.

अंगावरून एकाएकी पाणी वा रक्त जाऊ लागले, ओटीपोटात कळ आली, खाली काही उतरल्यासारखे वाटले, तर रात्र काढू नका. आतडे बाहेर दिसले तर आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ फडका त्यावर ठेवा, बाईला निजवा, तोंडी काही देऊ नका आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

पोटावरच्या चिरा लाल झाल्या, पू आला, तर हळद-तेल चोपडत बसू नये. कधी भरलेली चीर महिन्याभराने पुन्हा गाठाळते, पाझरते. हत्यारे नीट निर्जंतुक झाली नसतील तर क्षयाच्या जंतूंच्या जातभाईंपैकी एखादा तिथे मुरतो. त्याला नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडेच जा, पू तपासायला लावा. खोकताना बेंबीजवळ फुगवटा आला, तर तो अंतर्गळ असू शकतो; तोही दाखवा.

आणि गुरुजी, वेचणीच्या दिवसांत एखादी मुलगी आठ-आठ दिवस शाळेत दिसत नसेल, तर रागावण्याआधी घरी चौकशी करा. ती आईच्या जागी शेतात गेली असेल. तिच्या बापाला सांगा, दोन महिने गाठोडे त्याने उचलावे.