आजारी लेकराच्या आईसाठी



माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला. परळच्या टाटा रुग्णालयात नेले, पण उपचार दोन-अडीच वर्षांचे. मुंबईत राहायचे कुठे? कित्येक आईबाप याच पायी अर्ध्यावरून मूल घेऊन परततात हो! तिथल्या समाजसेविकाबाईंना पहिल्याच दिवशी भेटावे, लाजू नये. रेशनकार्ड जवळ असू द्यावे. महात्मा फुले योजनेतून खर्चाला आधार मिळतो. सेंट ज्यूड ही २००६ साली निघालेली संस्था मुलासह आईबापांना फुकट जागा देते. त्यासाठी रुग्णालयाची शिफारस लागते. स्वयंपाक आपला आपण. आमची जाऊ तिथे भाकऱ्या थापते, म्हणून पोर जेवते तरी. दादरला गाडगे महाराज धर्मशाळाही आहे. उरतो तो गाडीभाड्याचा प्रश्न. यंदाच्या शिलकेतून तिला तेवढे द्यावे, हे मागायला मी उभी आहे.