जवाईचा बिबट्या आणि शेवटचा अर्धा तास

आज राजस्थानातल्या जवाईबद्दल बोलूया. इथे बिबट्या ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्यांवर दिसतो. दिवसभर बहुतेक गुहेत, ऊन उतरलं की बाहेर. म्हणजे चांगला प्रकाश मिळतो जेमतेम अर्धा तास. तेव्हा सूर्य पाठीशी राहील अशी जीप आधीच लावून घ्या. मागे सावलीतला काळपट खडक असला की कॅमेरा फसतो, फोटो जास्त उजळ करतो आणि बिबट्याचं सोनेरी अंग पांढरं पडतं. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या. अंधारायला लागलं की आयएसओ वाढवा, पण ड्रायव्हरला टॉर्च मारायला सांगू नका. ती त्याची शिकारीला निघायची वेळ. आपला फोटो हुकला तर हुकू दे, त्याची शिकार हुकायला नको.